दीर्घ संसारानंतरचा घटस्फोट आणि पुढची घडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवीस-तीस वर्षे संसार करून मग विभक्त झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी हे पान लिहिले आहे. माझा स्वतःचा घटस्फोट सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, परस्परसंमतीने झाला. त्यानंतर ओळखीपाळखीतून अनेकजणी आणि काही पुरुषही हेच प्रश्न घेऊन येत राहिले, तेव्हा तीच उत्तरे पुन्हा पुन्हा तोंडी सांगण्यापेक्षा लिहून ठेवावीत असे वाटले. कायद्याचे उल्लेख मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या आधारे आहेत आणि जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. मी वकील नाही. सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा.

घटस्फोटाचा हुकूमनामा (डिक्री) हाती आला. सर्वांत आधी काय करावे?

हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य देणे कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायालयावर बंधनकारक आहे. त्याखेरीज आणखी तीन-चार प्रमाणित प्रती लगेच काढून ठेवाव्यात, कारण पुढच्या वर्षभरात बँक, विमा कंपनी, सोसायटी असे जो तो तीच मागतो आणि दर वेळी झेरॉक्सवर भागत नाही.

त्यानंतरचे काम मोबाइल क्रमांकाचे. हे सांगितले की लोक हसतात, म्हणून माझा अनुभव लिहिते. आमच्या घरातल्या सगळ्यांचे आधार एकाच रविवारी काढले गेले आणि सगळ्यांच्या अर्जावर पतीचाच क्रमांक लिहिला गेला. विभक्त झाल्यावर मी पुण्यात स्वतःचे खाते उघडायला गेले, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ओटीपी सांगा." ओटीपी गेला होता ठाण्याला, ज्या माणसाशी माझे कायदेशीर नाते महिन्यापूर्वी संपले होते त्याच्या फोनवर. मी फोन लावला. त्यांनी सहा आकडे नीट वाचून दाखवले आणि विचारले, "कशाचा आहे?" मी "बँकेचा" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घेतला.

आधार, पॅन, बँक, गॅस, वीजबिल, ई-मेल, गाडीचा फास्टॅग यांपैकी कशाला कोणाचा क्रमांक जोडलेला आहे, हे एका वहीत लिहून काढावे आणि एकेक खोडत जावे. संयुक्त खाते आणि लॉकर यांचा निर्णयही याच काळात लावावा. "दोघांपैकी कोणीही" अशी सूचना असलेल्या खात्यातून दोघांनाही पूर्ण रक्कम काढता येते, हे अनेकांच्या लक्षात नसते.

नाव आणि आडनाव बदलणे सक्तीचे आहे का?

नाही. लग्नानंतर घेतलेले नाव घटस्फोटानंतर टाकलेच पाहिजे असा नियम नाही. बदलायचे असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि मग आधार, पॅन, बँक, पारपत्र या क्रमाने पुढे जावे. तीस वर्षांची नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचे कागद एका नावाने असतील, तर निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना नावबदल करणे म्हणजे विकतचे दुखणे आहे, असे माझे मत आहे. मी आडनाव तेच ठेवले. लोक कारण विचारतात. मी आधारकार्डाकडे बोट दाखवते.

नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नीचा अर्धा वाटा असतोच ना?

हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. हिंदू विवाह कायद्यात संसाराच्या काळात मिळवलेल्या मालमत्तेची आपोआप निम्मी वाटणी होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते सामान्यतः त्याचे राहते. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबाबत न्यायालय कलम २७ खाली आदेश देऊ शकते, आणि स्त्रीधन, म्हणजे माहेरचे-सासरचे दागिने व भेटी, ही पत्नीच्या पूर्ण मालकीची मालमत्ता असते. बाकी जे मिळायचे ते पोटगीच्या स्वरूपात किंवा संमतीच्या अटींमध्ये (दोघांनी मिळून न्यायालयात दिलेल्या लेखी समझोत्यात) ठरवून.

गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली समाईक मालमत्तेची पद्धत आजही लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे भागीदार मानले जातात आणि घटस्फोटात त्या हिशेबाने वाटणी होते. सावंतवाडीतली बाई आणि पेडण्यातली बाई यांच्यात तासाभराचेही अंतर नाही, पण तीस वर्षे रांधून-वाढून झाल्यावर दोघींच्या हातात येणारे फळ मात्र इतके निरनिराळे असते.

माहेरच्या हक्काकडे मात्र स्त्रिया फार उशिरा वळतात. मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आपण भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर कधी सही केली होती का, हे आधी तपासावे. पुष्कळजणींना ती सही आठवतही नाही. सातबाऱ्यावरील जुने फेरफार काढले की आठवते.

पोटगी एकरकमी घ्यावी की दरमहा?

कायमस्वरूपी पोटगी कलम २५ खाली मिळते आणि ती पती-पत्नी दोघांपैकी कोणीही मागू शकते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे "माझ्याकडे काही नाही" हे नुसते तोंडाने म्हणून चालत नाही.

निवडीबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कराची : एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची मानली जाऊन तिच्यावर सामान्यतः प्राप्तिकर लागत नाही, तर दरमहा येणारी रक्कम उत्पन्नात धरली जाते, मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच हा फरक मान्य केलेला आहे. दुसरी गोष्ट माणसाची : समोरचा साठीला आलेला आहे, निवृत्त होणार आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या मर्जीकडे डोळे लावून बसणे हेच मुळात पुढचे आयुष्य अडवणारे आहे. परिस्थिती बदलल्यास मासिक रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते, हे खरे. पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. शक्य असेल तिथे रक्कम थोडी कमी पडली तरी एकरकमी घ्यावी, असे मी सांगत आले आहे. अपवाद त्यांचा, ज्यांना हाती आलेले पैसे भाऊ किंवा मुलगा "धंद्यात टाकतो" म्हणून मागणार हे आधीच ठाऊक आहे.

मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांना सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तसेच उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

राहते घर कोणाकडे ठेवावे?

भावनेने घर मागणारे पुष्कळ असतात आणि वर्षभरात त्याच घराचा हप्ता, देखभाल शुल्क आणि गळके छत पेलेनासे झालेलेही पुष्कळ असतात. मागण्यापूर्वी दरमहा किती खर्च येतो ते कागदावर मांडावे.

फ्लॅट एकाने दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर वेळेला किंमत आहे. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असते (स्थानिक अधिभार वेगळा). हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. त्यामुळे संमतीच्या अटींमध्ये हा मुद्दा लिहून घेऊन, अंतिम हुकूमनाम्यापूर्वी दस्त नोंदवावा. मात्र देणाऱ्याने आपल्या बाजूचे संरक्षण वकिलाकडून आधी पक्के करून घ्यावे. गृहकर्जात दोघांची नावे असतील तर आपसांतला समझोता बँकेवर बंधनकारक नसतो. बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय हप्ता थकला की दोघांचाही पतदर्जा बिघडतो.

भाड्याने राहणार असाल तर करार नोंदणीकृतच करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. "एकटी बाई आहे" म्हणून नकार येतात. मला चार आले. पाचव्या घरमालकिणीने एकच प्रश्न विचारला, "पाणी सकाळी सहाला येतं, उठाल ना?"

निवृत्तिवेतन, विमा, नॉमिनी आणि मृत्युपत्र यांचे काय?

हा भाग कंटाळवाणा आहे आणि नुकसान इथेच होते. घटस्फोटानंतर पूर्वीच्या पतीच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर पत्नीचा हक्क राहत नाही. सरकारी नोकराच्या पत्नीने पोटगीची बोलणी करताना हा तोटा रकमेत धरला पाहिजे. उलट, केंद्र सरकारी निवृत्तिवेतनधारकाच्या अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला आई-वडिलांच्या पश्चात काही अटींवर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पालक हयात असताना घटस्फोटाची कार्यवाही न्यायालयात दाखल झालेली असणे ही त्यातली महत्त्वाची अट आहे.

विम्यातले नॉमिनीचे नाव घटस्फोटाने आपोआप पुसले जात नाही आणि पूर्वी केलेले मृत्युपत्रही आपोआप रद्द होत नाही. दोन्ही स्वतः बदलावे लागतात. १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली काढलेली आयुर्विमा पॉलिसी मात्र पत्नी-मुलांसाठीचा न्यास (ट्रस्ट) मानली जाते आणि ती पतीला मनाप्रमाणे फिरवता येत नाही. तशी पॉलिसी आहे का, ते कागद चाळून पाहावे.

आरोग्यविमा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) असेल तर नूतनीकरणाच्या निदान दोन महिने आधी कंपनीला लेखी कळवून, जुन्या काळाचे फायदे शाबूत ठेवून स्वतंत्र पॉलिसी मागावी. नव्याने पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल ३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो, आणि पन्नाशीत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेला माणूस विरळा.

मी कधी बँकेचे व्यवहार केले नाहीत (किंवा : मला चहासुद्धा करता येत नाही). या वयात जमेल का?

हे दोन प्रश्न मी मुद्दाम एकत्र ठेवले आहेत, कारण ते एकच आहेत. दीर्घ संसारात कामांची वाटणी इतकी मुरलेली असते की दोघांनाही प्रत्येकी अर्धेच जगणे येत असते. एकाला हप्ते, कर, गाडीचे सर्व्हिसिंग आणि सोसायटीची सभा. दुसऱ्याला दळण, औषधे, आहेर, कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची खबर. विभक्त झाल्यावर दुःख वेगळे आणि हे अज्ञान वेगळे. मात्र पहिल्या वर्षात दोन्ही एकत्र कालवले जातात, आणि "मला त्यांची आठवण येते" असे वाटते तेव्हा पुष्कळदा आठवण येत असते ती रिटर्न भरून देणाऱ्याची किंवा डब्याला काय द्यायचे ते ठरवणारीची.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ, निवृत्त अभियंता, एकटे राहू लागल्यावर पहिल्या आठवड्यात बहिणीला रोज फोन करून विचारत, "तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?" ती रोज "चार" सांगे. आठव्या दिवशी तिने "लिहून घे ना रे," म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "लिहून घेतलंय गं." ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. आज ते ज्वारीची भाकरी करतात, कडेला चिरते, पण करतात.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा की आठवड्याला एकच नवे काम. बाईने आधी पासबुक वाचायला शिकावे, मग मुदत ठेव, मग प्राप्तिकराचे विवरण. म्युच्युअल फंड वगैरे वर्षभर दूर ठेवावेत, कारण हातात पोटगीची रक्कम असलेल्या नवख्या माणसाचा वास विमा एजंटांना फार लवकर लागतो. पुरुषाने आधी आपली औषधे, नातेवाइकांचे वाढदिवस आणि कुकर. पुरुषांचे नातेसंबंध बहुधा पत्नीच्या फोनवरून चाललेले असतात. ती गेली की आत्याचा मुलगासुद्धा फोन करीनासा होतो आणि बिचाऱ्याला वाटते की सगळ्यांनी तिची बाजू घेतली.

उत्पन्नच नसेल तर सरकारी मदत मिळते का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित स्त्रियांचा समावेश आहे. अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये असून उत्पन्नाची मर्यादा फार कमी, वर्षाला २१,००० रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावा. लाडकी बहीण योजनेतही २१ ते ६५ वयोगटातील घटस्फोटित स्त्रिया बसतात, पण दोन्हींचा लाभ एकत्र घेता येत नाही. आई-वडिलांना २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो.

मुले मोठी आहेत, कमावती आहेत. त्यांना का त्रास व्हावा?

होतो, आणि तो लहान मुलांपेक्षा निराळा असतो. पंचविशीतल्या मुलाला आपल्या लहानपणाचे फोटो पुन्हा पाहावे लागतात आणि त्यातले कोणते हसू खरे होते हे त्याला ठरवता येत नाही. त्याला वकील करू नये, निरोप्या करू नये, आणि आपले एकटेपण भरून काढणारा सोबतीही करू नये. "बाबांना सांग" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. जे सांगायचे ते स्वतः, लेखी आणि थोडक्यात कळवावे.

मुलांनी दुसऱ्या पालकाकडे दिवाळी केली तर फराळाचा डबा बरोबर द्यावा की नाही, हेही मला विचारले गेले आहे. द्यावासा वाटला तर द्यावा. परत येताना डबा रिकामा आला का याची चौकशी करू नये.

लोक काय म्हणतील याला कसे तोंड द्यावे?

लोक दोन महिने बोलतात आणि मग त्यांना दुसरा विषय मिळतो. अधिक टोचते ते रीतिरिवाजांत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे एकाएकी थांबते, आणि अर्जावर "सौ." खोडून "श्रीमती" लिहिले की आपल्याकडे लोक त्याचा अर्थ विधवा असाच लावतात. मी काही वर्षे नुसतेच नाव लिहीत होते. आता माझ्याच घरी संक्रांतीला सर्व बायकांना बोलावते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केल्यापासून असे बोलावणे धाडताना स्पष्टीकरण कमी द्यावे लागते, हा त्याचा आनुषंगिक फायदा.

"आपल्यात असे होत नाही" म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास ऐकवायला हरकत नाही. फारकत, सोडचिठ्ठी आणि काडीमोड हे शब्द मराठीत इंग्रजी न्यायालयांमुळे आलेले नाहीत. अनेक जातींत काडीमोड आणि त्यानंतर पाट लावणे (पुनर्विवाह) रूढ होते, आणि १९५५ च्या कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट कलम २९ मध्ये मान्यही केला आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचे कायदे झाले होते. ज्यांच्यात होत नव्हते ते थोडे होते. लिहिणारे मात्र तेच होते.

संध्याकाळ जात नाही. हे नैराश्य आहे का?

साडेसहा ते साडेआठ ही वेळ जवळजवळ सगळ्यांना अवघड जाते, कारण आयुष्यभर त्या वेळी कोणीतरी घरी यायचे असते किंवा आपण कोणाकडे तरी परतायचे असते. त्या दोन तासांत घराबाहेरचे, ठरलेल्या वाराचे, हजेरी लागणारे काम घ्यावे : भजनी मंडळ, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, शिकवणी, काहीही. ऐच्छिक फिरणे पावसाळा लागला की बंद पडते.

मात्र दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, आणि जगण्याचा वीट आला असेल तर तो स्वभावाचा दोष समजू नये आणि देवळाच्या पायऱ्यांवरही सोडू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. स्त्रियांना धोका किंवा छळ असेल तर १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७.

पुन्हा लग्न किंवा सोबत, याचा विचार केव्हा करावा?

वादातून झालेल्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही मुदत ९० दिवस धरली आहे. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास ती बदलण्याची किंवा थांबवण्याची मागणी समोरचा करू शकतो. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सोबतीसाठी सुरू केलेल्या कामामुळे लग्नाविना एकत्र राहण्याचा पर्यायही मराठी घरांत उघडपणे बोलला जाऊ लागला आहे. कोणताही मार्ग घेतला तरी घर, ठेवी आणि मृत्युपत्र यांची व्यवस्था आधी लेखी करावी आणि दोन्हीकडच्या मुलांना ती आपणच सांगावी. विरोध बहुतेक वेळा प्रेमाला नसतो, फ्लॅटला असतो.

वर्षाच्या आत निर्णय घेऊ नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगते. स्वतःचा कुकर आणि स्वतःचे रिटर्न जमू लागण्याआधी शोधलेला जोडीदार हा बहुधा हरवलेल्या अर्ध्या कामांसाठी शोधलेला असतो.

मुलीच्या लग्नपत्रिकेत नावे कशी छापावीत?

दोघांची नावे स्वतंत्र ओळींत, प्रत्येकाच्या खाली आपापला पत्ता, आणि कोणतेही उपपद न लावता छापता येतात. कन्यादानाला कोणी बसायचे हे मुलीला विचारून साखरपुड्याआधीच ठरवावे आणि गुरुजींना सांगून ठेवावे; मांडवात चर्चा नको. मामा-मामींना बसवणे हा सर्वमान्य मार्ग आहे. आमच्याकडे मुलीने दोघांनाही बसायला सांगितले आणि आम्ही बसलो.

पत्रिकेच्या दुकानात मालकाच्या संगणकावर "श्री. व सौ." हे आधीच टाइप केलेले होते. त्याने काही न विचारता "सौ." काढले, मग "व" काढला, नावे वर-खाली केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. मधली जागा मोकळी दिसत होती, म्हणून त्याने तिथे एक कुयरी टाकली.